हिरवा पडदा आणि वेबचे पान : मिडरेंज संगणकांवरील प्रोग्रॅमिंग-तंत्रांची एक चिकित्सा

१

व्यापारी कचेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या संगणकांचा एक वर्ग असा आहे की, त्याची चर्चा आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच होते. कामाचा भार मात्र तो कित्येक दशके निमूटपणे वाहत आला आहे. मेनफ्रेम म्हणावे इतके हे संगणक अवाढव्य नाहीत आणि मेजावरचे म्हणावे इतके लहानही नाहीत. म्हणून त्यांस 'मिडरेंज' अशी संज्ञा पडली. या वर्गातील एक अत्यंत दीर्घायुषी परंपरा आयबीएम कंपनीच्या मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथील प्रयोगशाळेतून निघाली. १९६९ साली सिस्टिम/३, १९७८ साली सिस्टिम/३८, १९८३ साली सिस्टिम/३६ आणि २१ जून १९८८ रोजी एएस/४०० अशी ती वाढत गेली. पुढे नावे बदलली. आज हीच परंपरा 'आयबीएम आय' या नावाने पॉवर जातीच्या सर्व्हरांवर नांदते आहे. फ्रँक सोल्टिस आणि त्यांचे सहकारी यांनी यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये एक यंत्रनिरपेक्ष थर योजिला होता. त्यामुळे १९९५ साली आतला प्रोसेसर सर्वस्वी बदलला, तरी जुने प्रोग्रॅम बहुधा पुन्हा न लिहिता नव्या यंत्रावर चालू शकले. बिलाची, साठ्याची, पगाराची कित्येक दशकांपूर्वी बसविलेली गणिते या यंत्रांवर आजही आढळतात ती यामुळेच. पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत परक्याने परदेशात लिहिलेले असे जुने प्रोग्रॅम वाचणे व दुरुस्त करणे हा अनेकांचा रोजचा व्यवसाय आहे. तेव्हा हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असे समजण्याचे कारण नाही.

या परंपरेभोवती एका विशिष्ट प्रकारचे लेखन वाढले. त्यास ग्रंथ म्हणता येणार नाही आणि शोधनिबंधही म्हणता येणार नाही. एखाद्या पानाची ती तंत्रसूचना असते : अमुक काम जलद कसे करावे, तमुक अडचणीतून वाट कशी काढावी, आरपीजी भाषेतून वेबचे पान कसे पाठवावे. असे लेखन करणारा बहुधा स्वतः प्रोग्रॅमर असतो. त्याला एखादी युक्ती साधलेली असते आणि ती तो आपल्या व्यवसायबंधूंना उदार मनाने देऊन टाकतो. या लेखनाचे मोल मोठे आहे. तथापि, त्याची चिकित्सा फारशी झालेली नाही. युक्ती चालते की नाही, एवढाच प्रश्न तिला विचारला जातो. ती कोणत्या परिस्थितीत चालते आणि परिस्थिती पालटली म्हणजे तिचे काय होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखात हा दुसरा प्रश्न विचारावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : जुन्या संगणकाचा पडदा केवळ अक्षरे दाखवीत नव्हता, प्रोग्रॅमच्या वतीने तो व त्यामागची व्यवस्था काही कामे मुकाट्याने पार पाडीत होती. वेबचे पान ती कामे आपण होऊन करीत नाही. म्हणून या क्षेत्रातील कोणत्याही वेब-तंत्राची योग्यता ठरवावयाची, तर पडद्याच्या त्या मुक्या कर्तव्यांपैकी कोणती कर्तव्ये ते तंत्र आपल्या अंगावर घेते आणि कोणती वाऱ्यावर सोडते, हे पाहिले पाहिजे. पान किती देखणे झाले, भाषा किती नवी वापरली, हे निकष दुय्यम होत.

२

प्रथम पडद्याचे स्वरूप पाहू. ५२५० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टर्मिनलचा नेहमीचा पडदा २४ ओळींचा आणि ८० स्तंभांचा; म्हणजे त्यावर एकूण १९२० अक्षरांची जागा. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरे, म्हणून 'हिरवा पडदा' हे त्याचे रूढ नाव. त्याची एक विशेष रीत अशी की, कळफलकावर दाबलेले प्रत्येक अक्षर संगणकाकडे जात नाही. कारकून सगळे रकाने भरतो, एंटर दाबतो आणि मग भरलेला मजकूर एकदम पाठविला जातो. वेबवरील फॉर्मचीही रीत हीच आहे. हे बाह्य साम्य इतके ठळक आहे की, पडद्याचे पान करणे म्हणजे निव्वळ वेषांतर, असा समज व्हावा. परंतु साम्य येथेच संपते. पडद्याची चार कर्तव्ये आम्हांस दिसतात. ती क्रमाने मांडतो.

पहिले कर्तव्य स्मरणाचे. आरपीजी प्रोग्रॅम एक्सएफएमटी ही आज्ञा देतो तेव्हा तो पडदा पाठवितो आणि कारकुनाचे उत्तर येईपर्यंत त्याच ओळीवर थांबून राहतो. कारकून चहाला जाऊन आला तरी प्रोग्रॅम तेथेच असतो. ग्राहकाचा क्रमांक, आतापर्यंतची बेरीज, फाइलमधील स्थान हे सर्व त्याच्या ध्यानात असते. वेबची गोष्ट निराळी. ब्राउझर एक मागणी करतो, सर्व्हर एक पान देतो आणि व्यवहार तेथेच मिटतो. पुढची मागणी आली की ती कोणाची, कितवी आणि कशाच्या संदर्भात, हे नव्याने ठरवावे लागते.

दुसरे कर्तव्य राखणीचे. फाइल दुरुस्तीसाठी उघडून चेन या आज्ञेने रेकॉर्ड वाचले की संगणक त्या रेकॉर्डाला लॉक लावतो. दुसरा प्रोग्रॅम तेच रेकॉर्ड दुरुस्तीसाठी मागू लागला तर त्याला थांबावे लागते. फाइल निर्माण करताना वेगळे काही सांगितले नसेल, तर हा प्रतीक्षाकाळ ६० सेकंदांचा असतो. त्यानंतर चूक दर्शविली जाते.

तिसरे कर्तव्य चाळणीचे. पडद्याचे वर्णन डीडीएस या निराळ्या भाषेत लिहिलेले असते. अमुक रकाना सात अंकांचा, तमुक रकान्यात एवढ्याच किमती चालतील, हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही, असे नियम त्या वर्णनातच सांगता येतात आणि भलता मजकूर प्रोग्रॅमपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडविला जातो. जो रकाना पडद्यावर केवळ वाचावयाचा आहे, त्यात कारकुनाला काही लिहिताच येत नाही. त्यामुळे जुन्या प्रोग्रॅमांत पुष्कळ तपासण्या दिसत नाहीत. लेखकाच्या हलगर्जीपणामुळे त्या गळल्या असे मानू नये. त्या अन्यत्र झालेल्या असत.

चौथे कर्तव्य ओळखीचे. कारकून सकाळी आपल्या नावाने साइन-ऑन करतो आणि त्याच्यापुरते एक जॉब सुरू होते. त्या जॉबमधील प्रत्येक कृती त्याच्या नावावर नोंदली जाते; त्याला जो मेनू नेमून दिला असेल त्याच्या बाहेर त्याला जाता येत नाही.

ही चारही कर्तव्ये आरपीजीच्या मजकुरात कोठेही लिहिलेली नसतात. म्हणूनच तो मजकूर वाचून वेबसाठी नवा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कितीही बुद्धिमान असला, तरी त्यांना मुकण्याचा संभव असतो. वाचणाऱ्याला ओळी दिसतात. ओळींना आधार देणारी जमीन दिसत नाही.

३

आता तंत्रांकडे वळू. पहिले तंत्र रंगसफेदीचे. जुन्या प्रोग्रॅमला हात न लावता त्याचा पडदा वाटेत उचलावयाचा, त्याचे वेबच्या पानात रूपांतर करावयाचे आणि ब्राउझरकडून आलेले उत्तर पुन्हा पडद्याच्या रूपात प्रोग्रॅमच्या हाती द्यावयाचे, ही याची रीत. आयबीएमची हॅट्स आणि वेबफेसिंग ही साधने याच जातीची. २०१० साली आलेल्या ओपन ॲक्सेस या सोयीने तर आरपीजीची पडद्याला उद्देशून दिलेली आज्ञा तशीच ठेवून ती आपण लिहिलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे वळविता येते.

या तंत्राची 'लिपस्टिक लावणे' म्हणून थट्टा करण्याची एक पद्धत पडून गेली आहे. आम्हांस ती न्याय्य वाटत नाही. वरील निकष लावून पाहिला, तर ध्यानात येते की, रंगसफेदीत मूळ जॉब जिवंतच असते. स्मरण टिकते, राखण टिकते, ओळख टिकते. चाळणीचा बहुतांश भागही टिकतो. शंभर प्रोग्रॅमांचे काम काही आठवड्यांत ब्राउझरवर आणावयाचे असेल, तर याच्याइतका सावध मार्ग दुसरा नाही.

त्याचा दोष अन्यत्र आहे. वेबवरचा माणूस कारकुनासारखा वागत नाही. तो पान अर्धवट सोडून खिडकी बंद करतो. मागे प्रोग्रॅम मात्र त्याच्या उत्तराची वाट पाहत, रेकॉर्डाला लॉक लावून, ठरलेली मुदत संपेपर्यंत तिष्ठत राहतो. तो ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण दाबतो. त्याच्यासमोर कालचे पान असते आणि प्रोग्रॅम आजच्या पानावर उभा असतो. म्हणजे जी कर्तव्ये हे तंत्र इतक्या निष्ठेने सांभाळते, त्यांचाच येथे अतिरेक होतो. शिवाय सगळ्यांत मोठी उणीव ही की, धंद्याचा नियम पडद्यालाच चिकटून राहतो. उद्या भ्रमणध्वनीवरून किंवा एखाद्या विक्रेत्याच्या संगणकाकडून थेट ऑर्डर घ्यावयाची झाली, तर त्यालाही कारकुनाचे सोंग घेऊन पडद्यामागून पडदा ओलांडीत जावे लागते.

४

दुसरे तंत्र सीजीआयचे. येथे पडदा पूर्णपणे बाजूला ठेवला जातो. ब्राउझरची मागणी आली की वेब-सर्व्हर आरपीजी प्रोग्रॅमला बोलावतो. प्रोग्रॅम मागणी वाचतो, फाइली पाहतो, एचटीएमएलचे पान लिहून देतो आणि निघून जातो. १९९० नंतरच्या दशकात या तंत्राविषयी पुष्कळ सूचना प्रसिद्ध झाल्या. त्याला आर्थिक कारणही होते. त्या दशकाच्या अखेरीस कंपनी ५२५० पडद्यांवरील कामाची क्षमता निराळी मोजून तिचे निराळे दाम घेऊ लागली होती. पडद्याविना चालणारे काम त्या मोजणीत येत नसल्यामुळे सीजीआयकडे ओढा वाढणे स्वाभाविक होते.

आरंभीच्या सूचनांत एचटीएमएलचे तुकडे आरपीजीच्या मजकुरातच अवतरणचिन्हांत लिहावयास सांगत. परिणाम असा होई की, पानाच्या मथळ्यातील एक शब्द बदलावयाचा तरी प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागे. रॉचेस्टरहून पुढे आलेल्या सीजीआयडेव्ह२ या साधनसंग्रहाने ही अडचण दूर केली. पान निराळ्या फाइलीत ठेवावयाचे. त्याचे नाव दिलेले खंड पाडावयाचे. बदलत्या मजकुराच्या जागी खुणा ठेवावयाच्या. आणि प्रोग्रॅमने एवढेच म्हणावयाचे की, अमुक खुणेच्या जागी हा मजकूर घाल आणि तमुक खंड लिही. ज्याने डीडीएसमध्ये पडदे लिहिले होते त्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते. पडद्याचे वर्णन एका ठिकाणी आणि प्रोग्रॅम दुसऱ्या ठिकाणी ही या परंपरेची जुनीच शिस्त होय. नव्या माध्यमात तिचा शोध पुन्हा लागला, हे या साधनसंग्रहाचे खरे श्रेय. या क्षेत्रातील सूचनांतून आम्हांस एकच निवडावयाची झाली, तर आम्ही हीच निवडू.

तथापि, रूप आणि आशय वेगळे केल्याने आपले चार प्रश्न सुटत नाहीत. उलट या तंत्रात चारही कर्तव्ये एकदम प्रोग्रॅमरच्या माथी येतात. आणि नेमक्या याच ठिकाणी सूचनालेखन अपुरे पडते. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण वेगाच्या युक्तीचे. आरपीजीत एलआर नावाचा निर्देशक असतो. तो लावून प्रोग्रॅम संपविला तर फाइली बंद होतात आणि स्मृती पुसली जाते. तो न लावता परत फिरले तर फाइली उघड्या राहतात, चलांतील किमतीही तशाच राहतात आणि पुढच्या खेपेला काम झपाट्याने होते. 'एलआर लावू नका' ही हिरव्या पडद्याच्या काळातील उत्तम सूचना होती. कारण जॉब एकाच माणसाचे असे. मागे उरलेली किंमत त्याची स्वतःचीच असे. वेब-सर्व्हरच्या जॉबची स्थिती तशी नाही. तेच जॉब आता एका ग्राहकाची मागणी पुरविते आणि पुढच्या क्षणी दुसऱ्याची. चल पुसण्याचे राहून गेले, तर पहिल्या ग्राहकाची बाकी दुसऱ्याच्या पानावर उमटते. सूचनेतील एक अक्षरही चुकीचे नव्हते. तिच्या पायाखालची जमीन तेवढी सरकली होती. एकट्याने कसोटी घेताना हा दोष सहजी दिसत नाही आणि गर्दीच्या वेळी तो अचानक प्रकट होतो, म्हणून तो अधिकच घातक.

दुसरे उदाहरण राखणीचे. गोदामात एका मालाची १२ खोकी आहेत. एका ग्राहकाला १० हवीत, दुसऱ्याला ५. दोघांच्याही पानांवर १२ हा आकडा दिसतो आहे. वेबवर लॉक लावून ठेवणे शक्य नाही, कारण पान दिल्यावर प्रोग्रॅम थांबतच नाही. म्हणून रेकॉर्ड लॉकविना वाचले जाते. आता पहिल्याने मागणी नोंदविली आणि साठा २ झाला. दुसऱ्याचा प्रोग्रॅम पानावरून परत आलेल्या १२ मधून ५ वजा करून ७ लिहितो. गोदामात २ खोकी, फाइलीत ७, आणि १२ खोक्यांवर १५ विकली गेली! उपाय अवघड नाही. दुरुस्तीच्या क्षणी रेकॉर्ड लॉकसह पुन्हा वाचावे, आधी दाखविलेल्या किमतीशी ताडून पाहावे आणि फरक असल्यास ग्राहकाला तसे सांगावे. किंवा एसक्यूएलच्या एकाच आज्ञेत 'साठा निदान ५ असेल तरच ५ ने कमी कर' असे म्हणावे आणि किती ओळी बदलल्या हे पाहावे. एकही बदलली नसेल तर माल अपुरा आहे. परंतु फाइल वाचून पान कसे रंगवावे हे सविस्तर सांगणाऱ्या सूचनेत हे दोन परिच्छेद पुष्कळदा नसतात.

तिसरे उदाहरण चाळणीचे. पानावर किंमत दाखविली आणि तीच गुप्त रकान्यातून परत घेतली, तर ती परत येताना तीच असेल याची हमी कोणी दिली? हिरव्या पडद्यावर ती हमी होती. ब्राउझरमध्ये गुप्त रकानाही बदलता येतो. तसेच, आलेला मजकूर जोडून एसक्यूएलची आज्ञा रचली, तर रकान्यात लिहिलेला मजकूरच आज्ञा बनू शकतो. म्हणून मजकूर नेहमी चलाच्या रूपाने द्यावयाचा असतो. लांबीचा प्रश्नही असाच. ३० बाइटांच्या नावाच्या रकान्यात इंग्रजीतील ३० अक्षरे मावतात. त्याच रकान्यात यूटीएफ-८ पद्धतीने देवनागरी नाव ठेवले, तर प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'कुलकर्णी' हे एवढेसे आडनाव. पण स्वरचिन्हे व हलन्त धरून त्याची ८ चिन्हे, म्हणजे २४ बाइट होतात. पुढे नाव लिहावयाचे तर जवळपास जागाच नाही; आणि कापताना चिन्हाच्या मध्येच कातर चालली, तर अखेरचे अक्षर वाचता येणार नाही असे होते.

ओळखीविषयी एकच गोष्ट सांगतो. काही निराळे योजले नसेल, तर सगळे सीजीआय प्रोग्रॅम एकाच सामाईक वापरकर्त्याच्या नावाखाली चालतात. मग दुरुस्त्यांच्या नोंदवहीत सर्वत्र तेच एक नाव उमटते. कोणी काय केले, हे विचारण्याची वेळ आली म्हणजे नोंदवही असूनही नसल्यासारखी होते.

५

तिसरे तंत्र विभाजनाचे. येथे पडदा आणि पान हे दोन्ही गौण मानले जातात. 'ऑर्डर स्वीकारावी की नाही', 'सूट किती द्यावी', 'साठा कसा कमी करावा' हे धंद्याचे नियम पडद्याच्या प्रोग्रॅममधून सोडवून काढून स्वतंत्र कार्यपद्धतींच्या रूपाने सर्व्हिस प्रोग्रॅममध्ये ठेवले जातात. १९९४ साली आलेल्या आयएलई आरपीजीने आणि त्याच्या नंतरच्या सुधारणांनी हे शक्य केले. मग हिरवा पडदा त्यांस बोलावू शकतो, सीजीआय प्रोग्रॅम बोलावू शकतो, एसक्यूएलच्या द्वारे जावा किंवा पीएचपीत लिहिलेले पानही बोलावू शकते. जे नियम सर्वांनाच लागू आहेत, ते तर याहूनही खाली, डेटाबेसमध्येच बंधनांच्या आणि ट्रिगरांच्या रूपाने ठेवता येतात.

आपल्या निकषावर हे तंत्र सर्वांत वरचे ठरते. पडद्याची मुकी कर्तव्ये येथे प्रथमच बोलकी होतात. 'साठा ५ ने कमी कर' या कार्यपद्धतीला मागणी कोठून आली हे ठाऊक नसते. म्हणून तिला सगळ्या तपासण्या स्वतःच कराव्या लागतात. राखण तिच्या आत येते. चाळणी तिच्या दारात येते. ओळख तिला बाहेरून सांगावी लागते आणि सांगितल्याखेरीज ती काम करीत नाही. स्मरण एवढेच पानाकडे राहते. ते तेथेच शोभते.

मात्र याची किंमत विसरता कामा नये. जुन्या प्रोग्रॅममध्ये नियम आणि पडदा यांची वीण अशी घट्ट असते की, कोणता निर्देशक रकान्याचा रंग ठरवितो आणि कोणता सूट ठरवितो, हे प्रत्येक ओळ वाचल्याविना कळत नाही. जुन्या आरपीजीत ०१ ते ९९ हे नुसते आकडेच निर्देशकांची नावे असत आणि एकच आकडा एका प्रोग्रॅममध्ये दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरलेला आढळणे विरळा नाही. हे काम करणाऱ्याला जुन्या पोथीचा पाठ निश्चित करणाऱ्या संपादकाची चिकाटी लागते. म्हणून सर्वच प्रोग्रॅमांचे विभाजन करा, असा सरसकट उपदेश आम्ही करणार नाही. ज्या नियमाला एकाहून अधिक दारांतून मागणी येणार आहे, त्याचे विभाजन प्रथम करावे. जो पडदा दोनच कारकून महिन्यातून एकदा पाहतात, त्याला रंगसफेदी पुरे.

६

या विवेचनावर दोन आक्षेप येण्यासारखे आहेत.

पहिला असा की, हा सगळा खटाटोप भाषा जुनी असल्यामुळे करावा लागतो. आरपीजी टाकून नव्या भाषेत सर्व पुन्हा लिहिले म्हणजे प्रश्न मिटला. आरपीजीचा उगम १९५९ सालचा, छिद्रपत्रांच्या काळातला, हे खरे. तिच्या ओळीत सहाव्या स्तंभातील अक्षरावरून त्या ओळीची जात ठरत असे, हेही खरे. परंतु २००१ साली गणनेच्या ओळी स्तंभमुक्त झाल्या, २०१३ साली घोषणाही मुक्त झाल्या आणि २०१५ साली उरलेली स्तंभमर्यादाही गेली. आजची आरपीजी स्तंभांत कोंडलेली नाही. शिवाय १२ खोक्यांवर १५ विकण्याची चूक कोणत्याही भाषेत तितक्याच सहजतेने करता येते. नव्याने लिहिणारा जुन्या मजकुरातील ओळी नव्या भाषेत आणील. ज्या गोष्टी ओळींत नव्हत्याच त्या तो कोठून आणणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजच्या वेब-चौकटी स्मरण आणि ओळख आपोआप सांभाळतात, एसक्यूएलमध्ये मजकूर मिसळू देत नाहीत. मग प्रोग्रॅमरने ही यादी डोक्यात का वागवावी? हे पुष्कळ अंशी मान्य करावे लागते. पण चौकट सर्वसामान्य धोके जाणते. धंदा जाणत नाही. किंमत ग्राहकाने ठरवावयाची नसते, साठा उणे होऊ द्यावयाचा नसतो, बंद खात्यावर ऑर्डर घ्यावयाची नसते, हे ज्ञान त्या त्या कचेरीचे असते. हिरव्या पडद्याच्या काळात त्यातील काही डीडीएसमध्ये, काही मेनूच्या रचनेत आणि काही तर कारकुनाच्या सवयीत साठलेले असे. ते कोणत्याही चौकटीत तयार मिळत नाही.

एवंच, या क्षेत्रातील सूचनालेखनाकडून आमची अपेक्षा माफक आहे. प्रत्येक सूचनेने आपल्या युक्तीबरोबर चार ओळी अधिक लिहाव्यात : ही युक्ती स्मरण कोठे ठेवते, राखण कोण करते, चाळणी कोठे आहे आणि ओळख कशी पटते. ज्या सूचनेला या चार ओळी लिहिता येतील, ती दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्या परिस्थितीतही उपयोगी पडेल. जिला त्या लिहिता येणार नाहीत, ती तिच्या लेखकाच्या कचेरीपुरतीच खरी. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीही जुना प्रोग्रॅम वाचावयास घेताना मजकुराआधी त्याच्या पडद्याचे वर्णन वाचावे, त्याचा मेनू पाहावा, शक्य झाल्यास तो वापरणाऱ्या कारकुनाशेजारी अर्धा तास बसावे. प्रोग्रॅमचा काही अर्थ त्याच्या ओळींबाहेर राहिलेला असतो. पान रंगविण्यास बसण्यापूर्वी तो गोळा करून आणणे हे पहिले काम होय.